मोठी लावू की छोटी?

रात्री साडेनऊला ‘द रिटर्न ऑफ द किंग’ लावायचा म्हटलं की आधी आकडेमोड करावी लागते. २००३ साली चित्रपटगृहांत लागली ती प्रत २०१ मिनिटांची, म्हणजे पाऊण वाजून गेल्यावर अंथरुणाला पाठ टेकते. पुढच्या वर्षी डीव्हीडीवर आली ती वाढीव प्रत २५१ मिनिटांची. ती संपायला पावणेदोन होतात, आणि तेही मध्ये कुणाला दूध फ्रीजमध्ये ठेवायचं राहिल्याचं आठवलं नाही तर. आमच्या घरात या दोन प्रतींना ‘छोटी’ आणि ‘मोठी’ म्हणतात. तीन तास एकवीस मिनिटांच्या सिनेमाला छोटा म्हणणाऱ्या घराबद्दल शेजाऱ्यांचं मत काय असेल ते असो.

मुलगी अर्थातच मोठीच्या बाजूची. तिच्या मते छोटी पाहणं म्हणजे पिक्चर न पाहणं. बायको छोटीच्या बाजूची, कारण सकाळी सहाला दार उघडून दूधवाल्याला सामोरं जायचं काम तिच्याकडे आहे. ‘अहो, जे त्यांनी स्वतःच काढून टाकलं ते आपण कशाला बघायचं?’ हा तिचा सवाल. सुट्टीत राहायला आलेली मावशी या वादात पडत नाही. ‘जो लवकर सुरू होईल तो लावा,’ एवढंच ती म्हणते. तिचं बरोबर आहे. या घरात सिनेमा पाहण्यापेक्षा तो ठरवण्यात जास्त वेळ जातो.

बायकोच्या सवालाचं उत्तर मात्र सरळ नाही. काढून टाकलं ते काही नेहमीच वाईट होतं म्हणून काढलं जात नाही. बारा, तीन, सहा, नऊ या चार खेळांच्या वेळा ज्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. तीन तासांत बसला तर चार खेळ. अर्धा तास वाढला तर एका खेळाची तिकीटविक्री बुडाली. राज कपूर यांनी ‘संगम’ला आणि ‘मेरा नाम जोकर’ला दोन-दोन मध्यंतरं ठेवली. ‘संगम’ चालला. सव्वाचार तासांचा ‘जोकर’ १९७० साली असा पडला की नंतर कापून लहान करून पुन्हा लावावा लागला. सामोसेवाल्यांची दोन मध्यंतरांत चंगळ झाली असेल, तेवढाच काय तो फायदा. त्याच्याही कितीतरी आधी, १९२४ साली, एरिक फॉन श्ट्रोहाइम या हट्टी माणसानं ‘ग्रीड’ नावाचा मूकपट आठ तासांच्या वर नेऊन ठेवला होता. स्टुडिओनं तो अडीच तासांच्या आत आणला आणि कापलेला भाग आजतागायत सापडलेला नाही. त्या काळी कापलेलं गेलं ते गेलंच. आपल्या पिढीचं नशीब असं की डीव्हीडी आली, तिच्या बॉक्सवर ‘कधीही न पाहिलेली दृश्यं’ असं छापलं की तोच सिनेमा दुसऱ्यांदा विकता येतो हे कंपन्यांना उमगलं, आणि कात्रीखालचा माल जपून ठेवण्याची अक्कल आली.

घरात मात्र खेळांच्या वेळा नसतात. शेवटची लोकल नसते, रिक्षावाल्याशी हुज्जत नसते, बाल्कनीच्या तिकिटाचा भाव नसतो. मग लांबीची भीती कुणाला? म्हणून आम्ही एकदा मोठी लावली, ती अंगठीच्या त्याच कथेतल्या ‘द टू टॉवर्स’ची. तीत एक प्रसंग आहे, जो चित्रपटगृहात कुणी पाहिला नव्हता.

रोहानचे लोक गाव सोडून निघालेत. वाटेत तळ पडलाय. राजाची भाची एओविन भांड्यात काहीतरी घेऊन हिंडतेय. ती आरागॉर्नसमोर येते आणि म्हणते की मी थोडा रस्सा केलाय, फार नाहीये, पण गरम आहे. तलवारीची लढाई पोरखेळ समजणारा हा वीर एक घास तोंडात घालतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तरी तो म्हणतो, छान झालाय. तिचा चेहरा खुलतो. ती वळते. हा हळूच वाटी जमिनीकडे कलंडवायला लागतो, तेवढ्यात ती पुन्हा वळते. वाटी सरळ करण्याच्या गडबडीत गरम रस्सा हातावर सांडतो आणि हा वेदना गिळून हसत राहतो. पुढे गप्पांत कळतं की या गृहस्थांचं वय ८७ आहे.

मावशीनं हा प्रसंग परत लावायला लावला. तिला इंग्रजी येत नाही, सबटायटलं तिच्या चष्म्यातून दिसत नाहीत, मुलगी शेजारी बसून तिला मराठीत सांगत असते. इथे सांगायची गरजच पडली नाही. ‘मीठच घालायचं विसरलीय ती,’ मावशी म्हणाली, ‘आणि हा शहाण्यासारखा गप्प बसलाय. चांगल्या घरचा दिसतो.’ त्याआधी दीड तास तिच्या लेखी आरागॉर्न हा ‘केस न विंचरलेला’ होता. त्या वाटीभर रश्श्यानंतर तो घरचा झाला. पुढे हेल्म्स डीपच्या लढाईत तो संकटात सापडला की मावशी हातातली शेंगांची ताटली खाली ठेवायची.

या प्रसंगानं कथा एक पाऊलही पुढे जात नाही. अंगठी जिथे होती तिथेच आहे, सैन्य जिथे होतं तिथेच. चित्रपटगृहात संकलकाला तो काढावाच लागला असता आणि मीही काढला असता. अनोळखी पाचशे माणसं अंधारात बसलेली असताना त्यांना रश्श्यापाशी थांबवून ठेवायचा धीर कुणाला होणार? पण घरी बसून तोच सिनेमा पुन्हा पाहणाऱ्याला कथा ठाऊकच असते. अंगठीचं शेवटी काय होतं हे जाणून घ्यायला तो आलेला नसतो. तो त्या माणसांकडे आलेला असतो.

लग्नाचा अल्बम आणि लग्नाची पूर्ण व्हिडिओ कॅसेट यांच्यात जो फरक असतो तोच इथे आहे. अल्बम कुणालाही दाखवता येतो. अक्षता, सप्तपदी, जेवणाची पंगत, झालं. कॅसेट मात्र ज्यांना त्यातली माणसं ठाऊक आहेत त्यांनीच बघावी. पंगतीत वाढणारा तो काका आता नाही, मागे उभी असलेली ती मुलगी पुढे अमेरिकेला गेली, हे ज्याला दिसतं त्याला तीन तास कमी पडतात. परक्याला ती कॅसेट दाखवणं हा मात्र छळ आहे आणि तो आपण सगळ्यांनी सोसलेला आहे.

म्हणून मुलीच्या मैत्रिणी आल्या आणि त्यांनी हे तिन्ही सिनेमे एकदाही पाहिलेले नसले, तर मी बायकोच्या बाजूनं मत देतो. पहिल्या भेटीला छोटीच. मुलगी चिडते. मी तिला सांगतो की दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतःच म्हणतो, चित्रपटगृहातली प्रत हीच माझी खरी प्रत, वाढीव आहे ती चाहत्यांसाठी. आणि ‘रिटर्न ऑफ द किंग’ला ११ ऑस्कर मिळाली ती छोटीच्या जिवावर. ती म्हणते, ‘बाबा, मग त्या छोटीत सारुमानचं काय होतं ते सांगा.’ इथे मी गप्प होतो. कारण दोन सिनेमे ज्याचा धाक वाटला तो खलनायक छोटीत नुसता मनोऱ्यात कोंडलेला राहतो. त्याचा मृत्यू फक्त मोठीत आहे. सारुमानचं काम करणाऱ्या क्रिस्टोफर ली यांच्यासारख्या ज्येष्ठ नटाला हे इतकं लागलं की ते सिनेमाच्या प्रीमियरला गेले नाहीत. त्या मृत्यूच्या चित्रीकरणाचा किस्सा जॅक्सननं सांगितलाय. पाठीत सुरा खुपसल्यावर माणूस कसा ओरडेल हे तो लींना समजावून सांगायला लागला, तर ते म्हणाले, मला ठाऊक आहे माणसाचा नेमका कसला आवाज निघतो. दुसऱ्या महायुद्धात राहून आलेला माणूस. जॅक्सननं पुढे काही विचारलं नाही.

छोटीत अशी लहान लहान भोकंही बरीच आहेत. ‘टू टॉवर्स’मध्ये गॉलमला दोरानं बांधतात तेव्हा तो तडफडतो, एल्फ लोकांनी वळलेला दोर आहे, भाजतो म्हणून आरडाओरडा करतो. हा दोर सॅमकडे आला कुठून? छोटी पाहणाऱ्याला वाटतं, असेल सामानात. पहिल्या भागाच्या, म्हणजे ‘फेलोशिप’च्या, मोठीत गलाद्रिएल निरोपाच्या वेळी प्रत्येकाला भेट देते, त्यात सॅमला हा दोर मिळालेला असतो. त्याच निरोपात गिमली नावाचा आडदांड बुटका तिच्याकडे लाजत लाजत तिच्या केसांतला एक सोनेरी केस मागतो आणि ती तीन देते. तिथून निघाल्यावर नावेत बसून तो हे मित्राला सांगतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण माणसाला पाठवणी करायची तर हातावर काहीतरी ठेवूनच, हे ज्या घरात पक्कं आहे तिथे हा प्रसंग कापणाऱ्याला क्षमा नसते.

आणि फारामीर. छोटीत तो उगाच वाकड्यात शिरणारा वाटतो. मोठीत त्याच्या मागचं घर दिसतं. थोरल्या बोरोमीरनं शहर जिंकून घेतलंय, दोघं भाऊ आनंदात पेले भरताहेत, तेवढ्यात वडील येतात. थोरल्याला मिठी, धाकट्याला टोमणा. थोरला धाकट्याची बाजू घ्यायला जातो तर तेही वडिलांना खपत नाही. हे समजायला मध्य-पृथ्वीचा नकाशा लागत नाही. मावशी चार भावंडांतली तिसरी. तिनं फक्त ‘हं’ केलं. पण त्यानंतर फारामीरबद्दल वेडंवाकडं कुणी बोललेलं तिला चालत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल की हा गडी मोठीच्या पक्षाला जाऊन मिळाला. तसं नाही. कारण ‘सिनेमा पॅराडिसो’.

ज्यूझेप्पे तोर्नातोरे या दिग्दर्शकाचा हा सिनेमा इटलीत १९८८ साली १५५ मिनिटांचा लागला आणि पडला. मग तो १२४ मिनिटांवर आणला. त्या कापलेल्या प्रतीनं कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळवलं, पाठोपाठ परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर. गंमत अशी की सिनेमाही कापण्याबद्दलच आहे. सिसिलीतल्या गावात पाद्रीबुवा आधी एकट्यानं सिनेमा पाहतात, पडद्यावर चुंबन आलं की हातातली घंटी वाजवतात, आणि प्रोजेक्शन चालवणारा आल्फ्रेदो तेवढी फीत कापून ठेवतो. त्याच्या पायात घोटाळणारा लहानगा तोतो पुढे रोममध्ये मोठा दिग्दर्शक होतो आणि आल्फ्रेदोच्या अंत्ययात्रेला गावी येतो. आल्फ्रेदोनं त्याच्यासाठी एक रीळ ठेवलेलं असतं. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना आत्ता गहिवरून आलं असेल, ज्यांनी नाही पाहिला त्यांनी छोटी प्रत पाहावी.

छोटीच, हे बजावून सांगतो. २००२ साली तोर्नातोरेनं पावणेतीन तासांहून लांब प्रत काढली. तीत तोतोची तरुणपणी हरवलेली प्रेयसी एलेना त्याला प्रौढपणी भेटते. गाडीत बसून दोघं सगळा हिशोब मांडतात, आणि कळतं की त्या दोघांची ताटातूट व्हायला आल्फ्रेदोचाच हात होता. पोरगा या गावात अडकू नये म्हणून त्यानं ते केलं. कागदावर हे खोल वाटतं. पण छोटीत जे नुसतं हुरहुर लावून जातं त्याचा इथे पंचनामा होतो. कोण कुणाला का भेटलं नाही, चिठ्ठी कुठे राहिली, सगळ्याची नोंद. आणि ज्या म्हाताऱ्यावर आपण दोन तास जीव टाकला त्याच्याकडे संशयानं बघायची पाळी येते. प्रौढ एलेनाचं काम करणाऱ्या ब्रिजित फोसे या चांगल्या नटीची सगळी भूमिका छोटीतून गेली याचं मला वाईट वाटतं. पण ती गेली म्हणूनच तो सिनेमा उभा राहिला. ज्या दिग्दर्शकानं चुंबनं कापणाऱ्यावर एवढा सुंदर सिनेमा केला, त्याला स्वतःची कात्री सोसवू नये, हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

याच्या अगदी उलट रिडली स्कॉटचा ‘किंग्डम ऑफ हेवन’. चित्रपटगृहात १४४ मिनिटं, नंतरच्या प्रतीत १९४, आणि त्या पन्नास मिनिटांत राणीचा मुलगाच आख्खा कापला गेला होता. महारोगानं ग्रासलेला तो लहान राजा आणि त्याच्या आईचा निर्णय हेच त्या बाईच्या दुःखाचं मूळ. ते काढल्यावर छोटीत ती उगाच केस कापून भिंतीकडे बघत बसलेली दिसते. इथे मोठीशिवाय दुसरी लावूच नये. त्याच रिडली स्कॉटनं २००३ साली ‘एलियन’ची दिग्दर्शकाची प्रत म्हणून जी काढली ती मूळ सिनेमापेक्षा मिनिटभर लहान निघाली, आणि १९७९ची मूळ प्रत आपल्याला काही कमी वाटत नव्हती हेही त्यानंच सांगितलं. ‘दिग्दर्शकाची प्रत’ या शब्दांवर कितपत विसंबावं ते यावरून ठरवा.

आपल्याकडे हा प्रश्न ‘शोले’पाशी येऊन थांबतो. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली, पंधरा ऑगस्टला सिनेमा लागला. मधल्या काळात सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेणं त्या दिवसांत परवडणारं नव्हतं. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो आणि मग ढसाढसा रडतो. आपण पन्नास वर्षं पाहिलेल्या शेवटात ऐन वेळी पोलीस येतात आणि कायद्याची आठवण करून देतात. हिंदी सिनेमात पोलीस नेहमी शेवटीच येतात, त्यामुळे यात काही जबरदस्ती झालीय असं आम्हाला कधी वाटलंच नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं दुरुस्त केलेली पूर्ण प्रत २०२५च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली आणि डिसेंबरात आपल्याकडे लागली.

शेवटाच्या बाबतीत माझं मत मूळ प्रतीला. सूड पुरा झाल्यावर हाती काही उरत नाही, हे त्या रडण्यात जेवढं आहे तेवढं पोलिसांच्या भाषणात नाही. पण त्याच प्रतीत अहमदचा छळही परत आलाय. अहमद म्हणजे आपले सचिन पिळगांवकर. जुन्या प्रतीत गब्बर दगडावर पहुडलेला असतो, हातावर एक मुंगी चढत असते, तो तिच्याकडे बघतो आणि चिरडतो. पुढच्या दृश्यात घोड्यावरून मुलाचं प्रेत गावात येतं. बस्स. छळ डोळ्यांनी दिसला की अंगावर काटा येतो खरा, पण मुंगीनं येतो तो वेगळा. म्हणजे एकाच सिनेमाचा शेवट मोठीतला आणि मधला भाग छोटीतला, अशी प्रत मला हवी आहे. ती कुणी काढणार नाही. मावशीला मूळ शेवट दाखवला तर ती म्हणाली, ‘पायांनीच मारायचं होतं तर त्या दोन पोरांना कशाला बोलावलं? एकाचा जीव गेला फुकट.’ यावर सलीम-जावेद यांच्याकडेही उत्तर असेल असं वाटत नाही.

खरं तर मराठी माणसाला लांबीचं भय कधी नव्हतं. संगीत नाटकं रात्र रात्र चालत. बालगंधर्वांच्या पदाला वन्स मोअर मिळाला की कथा थांबायची, राजवाडा थांबायचा, शेजारी उभं असलेलं पात्र ताटकळायचं आणि पद पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे वाढीव प्रत प्रेक्षकच काढत होते, रोज निराळी. आणि फार जुनी गोष्ट कशाला, १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं एका दिवसात ओळीनं सादर केली. आठ-नऊ तास देशपांड्यांच्या वाड्यात लोक बसून राहिले. तिथे पॉजचं बटण नव्हतं. हल्ली उलटा वारा दिसतो. ‘बाहुबली’चे साडेपाच तासांचे दोन भाग राजामौलींनीच पावणेचार तासांच्या एका सिनेमात आणले, प्रेमगीतं आणि अवंतिकाची प्रेमकथा बरीचशी गाळून. ज्यांना ती प्रेमकथा तेव्हाच लांबलेली वाटली होती त्यांना दहा वर्षांनी न्याय मिळाला.

घरात मात्र छोटी लावा की मोठी, तिसरीच प्रत तयार होते. कुकरच्या शिट्टीला एकदा थांबा, बायकोच्या बहिणीचा फोन येतो तेव्हा एकदा. मावशी विचारते, ‘हा तोच ना, मघाशी मेलेला?’ मग मेलेला तो कोण आणि हा कोण हे सांगायला दहा मिनिटं मागे जायचं. २५१ मिनिटांच्या सिनेमाला आमच्याकडे दोन रात्री लागतात आणि पहिल्या रात्री जिथे झोप येते तिथे मध्यंतर. त्या वाढीव प्रती निघाल्या तेव्हाच दोन-दोन डिस्कवर होत्या, तेव्हा कंपनीलाही आमच्या घरची कल्पना असावी. शिवाय त्यावर चार निरनिराळी निवेदनं आहेत. एकात दिग्दर्शक आणि लेखिका बोलतात, एकात नट, बाकी दोन तांत्रिक मंडळींची. म्हणजे तोच सिनेमा वेगवेगळ्या माणसांना शेजारी बसवून आणखी चार वेळा पाहायची सोय. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि सगळं संपल्यावर नावं येतात. ‘फेलोशिप’च्या मोठीत तर कलाकार-तंत्रज्ञांची नावं संपली की चाहत्यांच्या मंडळाच्या सभासदांची यादी सुरू होते आणि ती वीसेक मिनिटं सरकत राहते. बायको उठून अंथरुणं घालायला लागली. मावशी मात्र जागची हलेना.

‘एवढ्या लोकांत आपल्याकडचं कोणीच नसेल होय गं?’

मग मुलगी बसली, मी बसलो. साडेबाराच्या पुढे आम्ही तिघं टीव्हीला नाक लावून सातासमुद्रापलीकडची आडनावं वाचत होतो. मुलगी एकदम ओरडली, ‘जोशी! जोशी गेला आत्ता!’ मागे घेतलं, थांबवलं. जोशुआ होता. बायको आतून म्हणाली, ‘कोण आलंय एवढ्या रात्री?’